पाचटाची गादी

यांचं नाव मी घेत नाही. पूर्वी घ्यायची सोय नव्हती, आता सवय नाही. उखाण्यात चार-दोनदा घेतलं असेल तेवढंच. तेव्हा इथेही ‘हे’ म्हणूनच चालवून घ्या.

हे विमान चालवायचे. मुंबईच्या एका शेठचं दोन इंजिनांचं छोटं विमान होतं, पाच-सहा माणसं दाटीवाटीने बसतील एवढं. शेठला जिथे जायचं असेल तिथे त्याला घेऊन जायचं, हे यांचं काम. सासरी हे समजावून सांगताना माझी फार पंचाईत व्हायची. आमच्या गावात मुलगा काय करतो याची उत्तरं ठरलेली होती. फौजेत आहे, कारखान्यात आहे, नाहीतर ऊस बघतो. विमान चालवतो म्हटलं की बायका विचारायच्या, "म्हंजी येष्टीच्या डायवरावानी?" मी व्हय म्हणून मोकळी व्हायची. त्यात चुकीचं तरी काय होतं?

सासरे फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं आणि ते सांगतील ती पूर्व दिशा मानायचं. मी त्यांना मामंजी म्हणायची. म्हणजे मनातल्या मनात म्हणायची, कारण प्रत्यक्ष बोलण्याची वेळ यायचीच नाही. तेव्हा आमच्याकडे सासरा सुनेशी बोलायचा तो भिंतीकडे बघून. "चा झाला का म्हनावं." भिंत काही उत्तर देत नसे, सासूबाई देत. मी साताऱ्यात वाढलेली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकं केलेली, घरात चुरूचुरू बोलणारी मुलगी. सासरी पाय ठेवला आणि जिभेला कुलूप लागलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण मामंजींनी माझा आवाज नीट ऐकला असेल असं मला वाटत नाही. राग आला की मी भांडी जोरात आपटायची. माझी बंडखोरी तेवढीच.

गावाला लागून, इस्लामपूरच्या रस्त्याच्या अंगाला मोठा माळ होता. बहात्तरच्या दुष्काळात गावाने दुष्काळी कामावर खडी फोडून, मुरूम पसरून तो सपाट केला होता. उसावर औषध फवारणारी विमानं तिथे उतरणार होती. ती दोन हंगाम आली आणि बंद झाली. मग त्या पट्टीवर शेरडं चरायची, पोरं सायकल शिकायची, कडेला मिरच्या वाळत पडायच्या. पण गावाला तिचा अभिमान होता. दुष्काळात जमीनवाल्या घरच्या बायकांनीही तिथे हातोडी धरली होती, सासूबाईंनीसुद्धा. पट्टीचा विषय निघाला की त्या हात पुढे करून बोटांवरचे वण दाखवायच्या.

शेठला कारखान्यात कसलंसं यंत्र विकायचं होतं. तिकडे उतरायला जागा आहे का, असं त्याने यांना विचारलं. यांना काय, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी संक्रांतीला सासरी आलेली होते, तिथेच निरोप आला की हे शेठला विमानात घेऊन गावच्या माळावर उतरणार आहेत. झालं. गावात लग्नघरासारखी धांदल उडाली.

त्या दिवशी सकाळपासून माळावर माणूस मावत नव्हतं. गळिताचा हंगाम जोरात होता, तरी तोडी थांबवून लोक आले होते. कुंडलपासून माणसं सायकली हाणत आली होती. हलगी होती, लेझीम होती, शाळेची पोरं रांगेत उभी होती. बायकांनी पट्टीच्या टोकाला सडा घालून रांगोळ्या काढल्या होत्या. सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून पदराचा आडोसा करत होत्या. मामंजींनी पहाटेच सगळी पट्टी पायी तुडवून बारीकसारीक दगड वेचून काढले होते. पोराचं कौतुक मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "आभाळात डायवरकी करतंय," एवढंच ते भिंतीला सांगायचे.

उत्तरेकडून आवाज आला. मग ठिपका दिसला, मग पंख दिसले. विमान पट्टीवरून इतकं खालून गेलं की बायकांचे पदर उडाले आणि शेरडं दावी तोडून पळाली. अख्खा माळ ओरडला. हलगी कडाडली. सासूबाईंनी ताट उंच धरलं. मीही बघत होते, आणि मला काहीतरी खटकलं. विमानाचं पुढचं चाक खाली होतं, उजवं खाली होतं, आणि डावं अर्धवट लोंबत होतं, लंगड्या शेळीने पाय आखडून धरावा तसं.

मुंबईत यांनी मला एकदा ते विमान दाखवलं होतं. तिन्ही पाय टेकवून उभं असलेलं मी पाहिलं होतं. म्हटलं, नजरेची चूक असेल. तोवर ते वळून पुन्हा आलं. पाय तसाच.

"सलामी देतंय पोरगं!" कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या खेपेला विमान एकदम नाक वर करून आभाळात चढलं आणि तितक्याच जोरात खाली आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "काय कसरत करतंय गड्या! लय भारी!" मला मात्र कळत होतं की ही कसरत नव्हे. ते हिसके देऊन तो अडकलेला पाय सोडवायला बघत होते. मी मामंजींकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. कपाळावर हात धरून ते एकटक वर बघत होते.

"त्याचं एक चाक कुठं हाय?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही, पण हलगी थांबली.

पुण्याच्या विमानतळावर का गेले नाहीत, असं पुढे लोक यांना विचारायचे. डाव्या इंजिनाचं तेल वाटेतच गळायला लागलं होतं, आणि त्याच इंजिनावर चालणारा चाकांचा पंपही बंद पडला होता. यांनी हाताने पंप मारून दोन चाकं उतरवली, तिसरं अर्ध्यात अडलं. असं विमान घेऊन पुन्हा घाट ओलांडायचा, त्यापेक्षा पायाखालचा माळ बरा, असं यांनी ठरवलं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की विमान डोक्यावर घिरट्या घालतंय आणि उतरत नाहीये.

घिरट्या का घालतात हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर मुंबईच्या खोलीत हे मला विमानाच्या गोष्टी सांगायचे. बाकीच्यांचे नवरे साहेबाच्या चहाड्या सांगत असतील, हे इंजिनाच्या सांगायचे. चाक नाही उघडलं तर काय, असं मी एकदा विचारलं होतं. "मग पोटावर उतरवायचं. ते एवढं अवघड नाही गं. आधी टाकीतलं पेट्रोल जाळून संपवायचं. मी पडायला भीत नाही, पेटायला भितो." मी म्हटलं होतं, शुभ बोला. आता माळावर उभी राहून मला त्यांचा असा राग आला! हीच नोकरी मिळाली होती का जगात? येष्टीचे डायवर झाले असते तर निदान रस्त्याच्या कडेला तरी थांबले असते.

मामंजी मात्र आता सुभेदार झाले होते. कमरेवर हात, ताठ मान, आणि आवाज असा की माळाच्या त्या टोकाला ऐकू जावा. पोरांना पट्टीवरून हाकललं. बैलगाड्या रस्त्यापलीकडे नेल्या. "पानी आना! घागरी, कळश्या, गावंल त्यात आना!" लोक पळाले. काहीतरी करायला मिळालं म्हणून माणसं सुटल्यासारखी झाली.

तेवढ्यात विमानाने खाली असलेली दोन चाकंही पोटात ओढून घेतली. लोंबणारा डावा पाय तेवढा राहिला.

"आता पोटावं उतरतोय त्यो," मामंजी म्हणाले.

शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "मग सुभेदार, खाली कायतरी मऊ नगं का? कडब्याच्या गंजीवं पडल्यालं पोरगं कवा मरतंय का?"

पट्टीला लागूनच नुकताच तुटून गेलेला उसाचा फड होता. त्यात वाळक्या पानांचं पाचट गुडघाभर पसरलेलं होतं, उन्हात सोन्यासारखं चमकत होतं. मामंजींनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाचट! पाचट वढा पट्टीवं! समद्यांनी! जल्दी!"

अख्खा गाव फडात घुसला. ज्यांनी दुष्काळात तो माळ घडवला होता तेच हात आता त्यावर गादी घालत होते. गड्यांनी धोतराचे काचे मारले, बायकांनी पदर खोचले. जू खांद्यावर घेऊन बैलगाड्याही माणसांनीच ओढल्या. मीही कवेत मावेल तेवढं पाचट उचलत होते. पाचटाची पात धारदार, हातांवर ओरखड्यांची जाळी झाली, पण ते बरंच वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मलाही ती कल्पना पटली होती. त्यांच्यासाठी मऊ गादी घालतोय, या विचाराने माझे डोळे भरून येत होते. मामंजी तर सगळ्यांत पुढे होते. स्वतःच्या हातांनी ते पाचट झटकून, गुंता सोडवून, सारखं पसरत होते. आई बाळाची दुपटी पसरते तसं.

एका गाडीवानाने दम खायला म्हणून बिडी शिलगावली. मामंजींनी झेप घेऊन ती त्याच्या तोंडातून उडवली आणि टाचेखाली चिरडली.

"आरं मुडद्या, पाचट हाय हे! एका ठिणगीत समदा माळ पेटंल!"

आणि ते पुन्हा वाकून पाचट पसरायला लागले.

मी पाचटाची कवळ घेऊन होते तिथेच थांबले. ते शब्द कानात शिरले होते, पण डोक्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. एका ठिणगीत. मी वर पाहिलं.

विमान वळून पट्टीच्या रेषेत आलं. सगळे कडेला पळाले. कुणी हात जोडले, कुणी डोळे मिटले. ते खाली आलं, आणखी खाली आलं, आणि पाचटाच्या गादीपाशी पोचल्यावर एकदम दोन्ही इंजिनं गरजवत डोक्यावरून निघून गेलं. वाऱ्याच्या झोताने पाचट हवेत उडालं.

"का? का उतरंना ह्यो?"

"भ्यालं पोरगं."

मामंजी घामाने निथळत होते. त्यांनी वर पाहिलं, मग गादीकडे पाहिलं. "कमी पडतंय त्याला," ते म्हणाले. "आजून टाका. डबल टाका!"

आणि गाव पुन्हा फडाकडे धावला.

"मामंजी," मी म्हटलं. बाजूच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. सासऱ्यासमोर, भरल्या माळावर, गावच्या झाडून सगळ्या थोरांसमोर सुनेने बोलायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना नाही कळणार. वर इंजिनाच्या आवाजात खरखर यायला लागली होती.

"मामंजी! पाचट काढा!"

या वेळी ऐकू गेलं. सगळ्यांनाच गेलं. माणसं होती तिथे थबकली. माझा पदर डोक्यावरून कधी पडला होता देव जाणे.

"पाचट काढायला सांगा! खडीवर विमानाचं पोट घासलं की ठिणग्या उडणार. टाकीत पेट्रोल आहे. त्यांना वरून हे दिसतंय, म्हणून ते उतरत नाहीत!"

"सुभेदाराची सून बोलाया लागली का आता?" कुणीतरी मागून म्हणालं. "नाकापरास मोती जड!"

मामंजी माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तुला काय कळतंय त्यातलं? हो बाजूला!"

वर्षभर आपटलेली सगळी भांडी माझ्या घशाशी आली. "मग तुमी आत्ता त्याची बिडी का इझवली?" मी ओरडले. साताऱ्याची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "बिडीनं पेटतंय, अन् इंजनानं पेटत न्हाई व्हय?"

मामंजींचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. दिलेला हुकूम त्यांनी जन्मात मागे घेतला नव्हता. सगळा गाव त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. मला थांबायला वेळ नव्हता. मी वाकले आणि एकटीच पट्टीवरचं पाचट ओढायला लागले. एवढ्या लांबरुंद पट्टीवर एकटी बाई. उंदराने डोंगर पोखरावा तसला प्रकार. पण हात चालवले नसते तर मी तिथेच कोसळले असते.

मग सासूबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात ते ताट होतं, निरांजन जळत होतं. ओवाळायच्या आधी ज्योत मालवणं केवढं अशुभ, आणि त्या तर मांजर आडवं गेलं तरी घरी परतणाऱ्या. त्यांनी जळती वात चिमटीत धरली आणि विझवली. ताट लांब मुरमावर ठेवलं, माझ्या शेजारी वाकल्या आणि पाचट ओढायला लागल्या.

तेव्हा मामंजींना कंठ फुटला. "उचला! समदं उचला! काडी ठिवू नगासा खाली! आरं बगताय काय, उचला!" त्यांचा आवाज चिरकला होता. हुकूम देणाऱ्याचा तो आवाजच नव्हता.

पसरणं सोपं होतं, उचलणं कठीण. ज्याने त्याने पायांनी तुडवून ते मुरमात रुतवलं होतं. लोकांनी घोंगड्या पसरल्या, त्यावर पाचट लोटलं आणि चौघा-चौघांनी ओढत नेलं. बायकांनी तुराट्यांच्या खराट्यांनी पट्टी झाडली. लांब न्यायला वेळच नव्हता. पट्टीच्या डाव्या अंगाला बांधापाशी ढीग घातला, तो वाढत घराएवढा झाला. वर डाव्या इंजिनाची खरखर आता खोकल्यासारखी येत होती. मग ती बंदच पडली. एक पंखा थांबलेला आम्हाला खालून दिसला. सासूबाईंनी एकदा वर पाहिलं, पुन्हा नाही.

"सरा! समदी सरा मागं!"

विमान आलं. या वेळी ते फार हळू वाटलं. शेवटी शेवटी यांनी दुसरं इंजिनही बंद केलं, आणि माळावर असा सन्नाटा झाला की पंखांवरून वाहणारा वारा ऐकू यावा. माझा जीव डोळ्यांत आला होता. डोळे मिटायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे.

लोंबणारा पाय आधी टेकला आणि मोडून मागे दुमडला. मग पोट टेकलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पत्र्याचं घर कुणी खडीवरून फरफटत न्यावं तसा. पोटाखालून ठिणग्यांचा सडा उडाला, भर उन्हातसुद्धा लखलखीत. विमान सरळ घसरत निम्म्यापर्यंत गेलं, मग डावा पंख खाली टेकला आणि ते त्या अंगाला ओढलं जायला लागलं. ढिगाच्या दिशेने.

कुणीतरी किंचाळलं. मीच असेन.

पंखाच्या टोकाने ढिगाची कड कापली, पाचट उडालं, आणि विमान तसंच पुढे जाऊन गरकन फिरलं आणि बांधावर नाक खुपसून थांबलं. धुळीत काही दिसेना. मग ढिगातून धुराची एक रेघ निघाली. आणि बघता बघता भडका उडाला. ज्याने ऊस तोडल्यावर फड पेटवलाय त्यालाच त्या आगीचा वेग कळेल. ज्वाळा माणसाच्या दुप्पट वर गेल्या. झळ अशी आली की आम्ही लांब असूनही तोंडं फिरवली.

गडी घागरी आणि मुरमाची घमेली घेऊन विमानाच्या आणि आगीच्या मधे धावले. वारा विमानाकडून आगीकडे वाहत होता, हे देवाचे उपकार. विमानाचं दार उजव्या अंगाला होतं, आगीपासून पलीकडे. ते उघडलं. आधी शेठ बाहेर पडला, एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, आणि पंखावरून सरळ मुरमात बसला. मग हे उतरले. कपाळावरून रक्त ओघळत होतं. ते चालत होते. स्वतःच्या पायांनी चालत होते.

मी धावले नाही. मामंजी माझ्या बाजूला उभे होते. पोरगं जिवंत उतरलं होतं, गाव नाचत होता, हलगी पुन्हा वाजायला लागली होती, आणि हा माणूस पोराकडे बघतच नव्हता. ते आगीकडे बघत होते. पट्टीच्या मधोमध, जिथे विमानाचं पोट घासून लांब चर पडला होता, तिथे काही वेळापूर्वी तेच पाचट पसरलेलं होतं. त्यांनीच गुंता सोडवून पसरलेलं.

"सूनबाई," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की मी जवळ सरकले. "सरान रचत हुतो म्या. पोटच्या पोराचं."

मला बोलायला काहीही कमी पडत नाही, हे माझ्या घरचे सगळे सांगतील. त्या क्षणी मात्र "मामंजी, ते आलेत," एवढंच म्हटलं.

हे समोर आले होते. सासूबाईंनी ओवाळायचं सोडून त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, जगातल्या सगळ्या आया मोडतात तशी. मग हे वडिलांच्या पाया पडायला वाकले.

मामंजींनी पाय मागे घेतले.

हे वाकलेलेच राहिले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबा रागावले का, असं विचारल्यासारखं. मामंजींनी त्यांना दोन्ही खांदे धरून उभं केलं. पाचटाने कापलेले, रक्ताळलेले आपले हात त्यांनी पोराच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत फिरवले. आणि ते हात आपल्या कानशिलाशी नेऊन त्यांनी बोटं मोडायचा प्रयत्न केला. आमच्याकडे पुरुष हे करत नाहीत. कुठल्या बापाला असं करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. बोटं नीट वळतच नव्हती, आणि एकही बोट मोडलं नाही. त्यांनी पुन्हा हात फिरवले, पुन्हा कानशिलाशी नेले. तरी आवाज आला नाही. सुभेदार तिसऱ्यांदा करायला लागले तेव्हा गावातलं कुणीही हसलं नाही.